जकात कोण भरतं?

कादंबरीत एखादी राजधानी आली की मी आधी तिचं जकातनाकं शोधतो. राजवाड्याचे खांब, राणीचे डोळे, सेनापतीच्या मिशा हे सगळं ठीक आहे. पण वेशीतून आत येणाऱ्या बैलगाडीला कोणी थांबवतं का, गोणीत हात घालून बघतं का, आणि काय घेऊन सोडतं, हे लेखकाला ठाऊक नसेल तर त्या राजाच्या लढायांवरही माझा विश्वास बसत नाही. ही खोड मला पुस्तकांनी लावलेली नाही, पोटाच्या धंद्याने लावली आहे. न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरिंगचं काम करणारा माणूस दिवसभर लोकांच्या मालाच्या याद्या वाचत असतो. माल कुठून निघाला, कशात भरला, वजन किती, सील शाबूत आहे का, ड्युटी कोणाच्या खात्यातून जाणार. संध्याकाळी उरण लाईनच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली की तोच माणूस ड्रॅगनांची किंवा रोमन सम्राटांची कादंबरी उघडतो. डोळे मात्र ऑफिसातलेच असतात.

मनापासून आवडतात ती पुस्तकं दोनच जातींची. एकीतलं जग कधी नव्हतंच. दुसरीतलं जग होतं, पण ते सांगायला आता कोणी उरलेलं नाही. दुकानात ही दोन वेगवेगळ्या फडताळांवर ठेवतात, एक फँटसी म्हणून आणि दुसरं ऐतिहासिक म्हणून. मला ती फाळणी पटत नाही. दोन्हींत लेखकाला शून्यातून सुरुवात करावी लागते: लोक काय खातात, कशाची शपथ घेतात, रात्री उजेड कशाचा असतो, मेलेल्या माणसाचं काय करतात. शिवकालावर लिहिणाऱ्या मराठी लेखकाला ही तोशीस पडत नाही. वाचक घरूनच तयार होऊन आलेला असतो. गड त्याने चढलेले असतात, पोवाडे ऐकलेले असतात, तानाजीचं नाव काढलं की घोरपड आपोआप कड्याला चिकटते. त्याच वाचकाला सातवाहनांच्या पैठणात नेऊन सोडायचं तर दिवा, वात आणि तेल सगळं लेखकाने पुरवायचं.

मराठीत तर या दोघींची फारकत मुळात झालेलीच नव्हती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. दोन्ही अद्भुतरम्य. आणि मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 ची. तिचा काळ शिवाजी महाराजांचा, पण तो गड बघायला कोणी पायात बूट घालून निघू नये. तो गुंजीकरांनी स्वतः बांधलेला आहे. आमच्या ऐतिहासिक कादंबरीचा पाया असा एका काल्पनिक किल्ल्यात घातलेला आहे, आणि यात मला काहीही वावगं वाटत नाही.

अद्भुताबद्दल माझी अट एकच. जादू असू दे, पण तिला कायदा हवा.

टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मला सर्वांत आवडणारी जागा लढाईची नाही. सारुमान नावाच्या जादूगाराचा आयसेनगार्डचा किल्ला पाण्याखाली जातो आणि तरंगत आलेल्या सामानात दोन हॉबिटांना तंबाखूची दोन पिंपं मिळतात. तंबाखू त्यांच्याच गावाकडची, उत्तम प्रतीची. दोघे खुशीत चिलमी पेटवतात. पण शेकडो मैलांवरच्या शत्रूच्या कोठारात हा माल आलाच कसा? म्हणजे शायर या हॉबिटांच्या मुलुखातलं कोणीतरी गुपचूप विकत होतं. पुढे तसंच निघतं. एका पिंपावरून सगळं कारस्थान उघडं करणारा लेखक मला आमच्या खात्यातला वाटतो. याच टॉल्किनबद्दल जॉर्ज मार्टिनने एकदा मुलाखतीत तक्रार केली होती की अॅरागॉर्न राजा झाला, शहाणपणाने राज्य केलं, असं म्हणून भागत नाही. त्याचं करविषयक धोरण काय होतं? प्रश्न वाचून मी खूश झालो. मग मार्टिनची जाडजूड पुस्तकं घेऊन बसलो. त्याच्या जगात हिवाळा कित्येक वर्षं चालतो. एवढी वर्षं लाखो माणसं खातात काय, धान्य कुठे साठवतात, उंदीर त्याचं काय करतात, याचं उत्तर शोधताना मी थकलो. करांची चौकशी करणाऱ्याने आधी स्वतःच्या कोठाराला कुलूप आहे का ते बघावं.

अर्सुला ल ग्विनकडे मात्र हिशेब चोख आहे. तिचं ‘अर्थसी’ हे सगळं बेटांचं जग, त्यामुळे माझ्यासारख्याला ते वाचताना घरी आल्यासारखं वाटतं. त्या मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकात जगातली जादू आटत चालली आहे. ते कळतं कशावरून? आकाश काळवंडत नाही, गिधाडं फिरत नाहीत. हॉर्ट टाऊन नावाच्या बंदरातल्या बाजारात माल निकृष्ट यायला लागला आहे आणि कारागिरांना आपलं कसब आठवेनासं झालं आहे, एवढंच. मी ते पान दोनदा वाचलं.

हे सगळं परदेशातून शिकायची खरं तर गरज नव्हती. महाभारतातले वर आणि शाप बघा. विम्याच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक टायपात अटी छापलेल्या असतात, तशा त्या प्रत्येकाला चिकटलेल्या आहेत. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच चालणार. परशुरामाच्या शापाने ब्रह्मास्त्र विसरणार, पण ऐन गरजेच्या वेळी. घटोत्कचावर ती शक्ती खर्ची पडते तेव्हा पांडवांकडे रडारड चालू असताना कृष्णाला आनंद होतो, कारण अटी त्याने नीट वाचलेल्या आहेत. इतकं काटेकोर अद्भुत जगात फारसं नाही. ‘तुंबाड’ या 2018 च्या सिनेमाने ही शिस्त पाळली. त्यातल्या हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं, अन्न मिळालं नाही, म्हणून कणकेची बाहुली दाखवली की तो भुलतो. आणि तेवढ्या वेळात जेवढी नाणी ओढता येतील तेवढीच तुमची. त्या सिनेमाच्या मुळाशी नारायण धारपांची गोष्ट आहे हे आपल्याकडे बऱ्याच जणांना सिनेमा येऊन गेल्यावर कळलं. धारप हयात असताना त्यांना लोक रेल्वे स्टेशनावरचे लेखक समजत राहिले.

नाथमाधवांचं ‘वीरधवल’ आणि गो. ना. दातारांच्या कादंबऱ्या यांना मी माझी फूटपट्टी लावत नाही. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांवर आपल्या कादंबऱ्या बेतल्या, आणि भुयारं, मुखवटे, गुप्त दरवाजे यांची अशी रेलचेल केली की विचार करायला फुरसत राहू नये. शाळेच्या वयात ती वाचली, चांदोबातल्या वेताळाबरोबर. तेव्हा जकात माहीत नव्हती. ती पुस्तकं त्या वयाच्या माझ्याकडेच राहू देत.

जी. ए. कुलकर्णी मात्र वेगळे. ‘रमलखुणा’ 1975 मध्ये आलं, त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत. देश कुठला, शतक कुठलं, काही सांगितलेलं नाही. तरी ते जग जुनं आहे, आपलं नाही, आणि तिथे नियतीचा कायदा इतका कडक आहे की वाचणारा घाबरून बसतो. धारवाडला राहून इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने मराठीत हे लिहिलं याचा मला अभिमान आहे. तक्रार इतकीच की जी. एं.च्या त्या जगात कोणी भाजी विकत नाही. माणसं थेट नियतीशी बोलतात. मधला दुकानदार नाहीच.

आमच्या ऑफिसातला एक तरुण सहकारी अमीश त्रिपाठींचा भक्त आहे. ‘मेलुहा’ त्याने इंग्रजीत वाचलं आणि मग आईसाठी मराठीतलं आणलं. मी माझी टीका सुरू केली की तो म्हणतो, “काका, तुम्ही कादंबरी वाचता की असेसमेंट करता?” उत्तर देणं कठीण आहे. पण मेलुहाशी माझं भांडण जकातीवरून नाही. तिथे सोमरसाचं गूढ उकलायला विज्ञानातलं स्पष्टीकरण येतं, ऑक्सिडेशन वगैरे. चमत्काराला असा प्रयोगशाळेचा दाखला जोडला की चमत्कारही जातो आणि विज्ञानही जागेवर राहत नाही. आणि चार हजार वर्षांपूर्वीची ती माणसं बोलतात ती परळच्या कॉर्पोरेट कॅन्टीनमधल्यासारखी. पोराला त्यातच गंमत वाटते. शाळेत असताना मला वेताळाच्या खांद्यावरच्या लोंबकळण्यात वाटायची, हेही खरं.

तर प्राचीन काळावरच्या कादंबरीकडून मला उलटी गोष्ट हवी असते. अद्भुताला कायदा हवा, आणि इतिहासाला परकेपणा. त्या माणसांना भूक आपल्यासारखी लागावी, पण डोकं आपल्यासारखं चालू नये. मेरी रेनॉल्टची ‘द किंग मस्ट डाय’ 1958 ची आहे, नायक ग्रीक पुराणातला थीसियस. मिनोटॉर हा बैलतोंड्या राक्षस तिच्याकडे राक्षस नाही, क्रीटच्या दरबारातला एक माणूस आहे. म्हणजे अद्भुत तिने काढून टाकलं. पण थीसियसला भूकंपाआधी अंगात काहीतरी जाणवतं आणि तो पोसायडनचा कौल आहे यावर त्याचा संपूर्ण विश्वास आहे. लेखिका एकदाही त्याच्या पाठीमागून वाचकाला डोळा मारत नाही. राजाने लोकांसाठी मरायचं आणि ते मरण स्वतःहून स्वीकारायचं, ही त्याला साधी व्यवहाराची गोष्ट वाटते. चारशे पानं मी त्या डोक्यात राहिलो.

आपल्याकडे याच्या उलट झालं. खांडेकरांची ‘ययाति’ 1959 ची, सावंतांचं ‘मृत्युंजय’ 1967 चं, देसायांचा ‘राधेय’ 1973 चा. लाखो मराठी घरांत पोचलेली पुस्तकं. कॉलेजात असताना ‘मृत्युंजय’ने मलाही रडवलं, ते नाकारणार नाही. पण ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांची मनं खांडेकरांच्या काळातली आहेत. त्यांना हस्तिनापुरात राहायला पाठवलं आहे, इतकंच. कर्णाची चंपानगरी बौद्ध ग्रंथांमध्ये मोठं व्यापारी शहर म्हणून येते, तिथून व्यापारी सुवर्णभूमीला जात. मला ‘मृत्युंजय’मधली गंगा आठवते ती सूर्याला अर्घ्य देण्याची. माल उतरवण्याची गंगा काही केल्या आठवत नाही. ‘मृत्युंजय’च्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. ती कादंबरी नाही. पण कोण कोणाच्या घरात दिलेली, खांडववन जाळलं तेव्हा तिथे राहणाऱ्यांचं काय झालं, हे प्रश्न तिथे आहेत, आणि माणसं परकी वाटतात. मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कादंबरीकारांचं काम केलं. हरिभाऊ आपट्यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला ‘चंद्रगुप्त’ लिहून पाटलीपुत्राची वाट दाखवली होती. त्या वाटेने मोठे मराठी लेखक फार गेले नाहीत. हिंदीत राहुल सांकृत्यायनांनी गणराज्यांवर कादंबऱ्या लिहिल्या, आचार्य चतुरसेनांनी वैशालीवर लिहिली. आमच्याकडे पुराणांवर पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं, जिथे व्यासांनी रिकामी जागा फारशी ठेवलेलीच नाही. खरी रिकामी जागा दाराशी होती.

दाराशी म्हणजे शब्दशः. पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक माणसाने ‘पेरिप्लस’ लिहिला. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरून निघून आपल्या किनाऱ्यापर्यंत कुठे काय विकलं जातं, काय मिळतं, वाट कशी, धोका कुठे. लेखकाचं नाव नाही. शैली अजिबात नाही. लायनेल कॅसन यांचं त्याचं इंग्रजी भाषांतर 1989 मध्ये छापलं गेलं, आणि आमचं बंदरही त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालं. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मला तो आवडतो. पेरिप्लस वाचताना मला पहिल्यांदाच प्राचीन जग ओळखीचं वाटलं. भडोचला काय उतरतं: दारू, त्यातही इटलीची जास्त पसंत, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच. राजासाठी वेगळा माल: चांदीची भांडी, गाणारी मुलं, सुंदर मुली. माणसं आणि भांडी एकाच यादीत, एकाच सुरात. कुठल्याही कादंबरीकाराने मुद्दाम लिहिलं असतं तर इतकं अंगावर आलं नसतं. परत काय जातं: हस्तिदंत, अकीक, सुती कापड, पिंपळी. पैठणहून अकीक गाड्यांनी येतो, तेरहून साधं कापड. रोमन नाणी स्थानिक चलनात बदलली तर नफा होतो, हेही लिहून ठेवलं आहे. आणि भडोचच्या बाजारात अजून जुने ग्रीक राजे अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे दिरहम चालतात. राजे जाऊन दीड-दोन शतकं झाली होती.

त्यातल्या दोन जागा मला कादंबरीच्या वाटतात. पहिली, भडोचचं तोंड उथळ आणि भरती-ओहोटी भयंकर, म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्रापर्यंत पुढे जातात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणतात. आमच्या बंदरात आजही पायलट जहाजावर चढल्याशिवाय जहाज आत येत नाही. त्या कोळ्याचं नाव काय, तो यवन नावाड्याशी कुठल्या भाषेत बोलायचा, वाळूत जहाज रुतलं तर त्याचं काय व्हायचं? दुसरी जागा कल्याणची. थोरल्या सातकर्णीच्या वेळी कल्याण हे रीतसर बंदर होतं. मग सत्ता बदलली, सँडनीस नावाच्या कोणाच्या ताब्यात ते गेलं, आणि आता एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे लागलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात. बस, दोन वाक्यं. यात नाकेबंदी आहे, क्षत्रप आणि सातवाहन यांचं भांडण आहे, कल्याणच्या बाजारात माल घेऊन अडकलेला दलाल आहे, आणि रात्री पहाऱ्याखाली किनाऱ्याने उत्तरेला निघालेलं जहाज आहे. ते ठाण्याच्या खाडीतून गेलं की आमच्या समोरच्या पाण्यातून, हे लेखकाने ठरवावं. पुढे सातवाहन गौतमीपुत्राने क्षत्रप नहपानाला हरवलं आणि त्याची चांदीची नाणी वितळवण्याऐवजी त्यांच्यावरच आपला छाप मारला. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये अशी हजारो नाणी एका ठेव्यात सापडली. हरलेल्या राजाचा चेहरा, त्याच्यावर जिंकलेल्याचं चिन्ह, आणि दोन्ही घेऊन बाजारात उभी असलेली बाई. मराठीत या प्रसंगावर कोणी लिहायला बसलं तर गौतमीपुत्राचं भाषण येणार याची मला धास्ती वाटते.

कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, ती तिथल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. रेनॉल्टच्या थीसियसचा तो देव, समुद्राचा, घाट चढून पंचगंगेच्या काठी आला. कोणाच्या सामानातून आला असेल? मालक देव म्हणून पूजत होता की शोभेची वस्तू म्हणून विकायला निघाला होता? इतिहासकार इथे थांबतो, त्याला थांबावंच लागतं. कादंबरीकार थांबतो ते मला कळत नाही.

न्हावा गावाच्या किनाऱ्यावरून घारापुरी दिसते. गाव पनवेल तालुक्यात, शेवा उरणमध्ये, आणि बंदराच्या नावात दोघांची जोडी. शेवा गाव बंदरासाठी उठलं. जुनं गाव गेलं, पण त्याचं नाव आज शांघाय आणि रॉटरडॅमच्या कागदांवर रोज छापलं जातं. पेरिप्लसमध्ये कल्याणच्या खाली सेमिल्ला, मंडगोरा, मेलिझेगारा अशी बंदरं येतात. सेमिल्ला म्हणजे चौल यावर बहुतेकांचं एकमत आहे, बाकीच्यांवर विद्वान भांडतात. शेवा नेमकं कुठे होतं यावर पुढे कोणी प्रबंध लिहिला तर मला नवल वाटणार नाही.

घारापुरीच्या लेण्यांचा काळ साधारण सहाव्या शतकाचा मध्य मानतात, कलचुरी राजा कृष्णराजाच्या आसपासचा. पण हे सगळं तर्काने, कारण ज्याने कोरवली त्याचं नाव सांगणारा लेख जागेवर नाही. दियोगो द कूतो हा पोर्तुगीज लिहितो की लेण्याच्या दारावर एक कोरीव शिळा होती, ती काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवली, राजाने ती वाचून घ्यायचा प्रयत्न केला, कोणालाही वाचता आली नाही. पुढे तिचा पत्ता नाही. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो इंग्रजांनी 1864 मध्ये उचलायला घेतला आणि मोडला. त्याचे तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेजवळच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात आहे. लेख लिस्बनला, हत्ती भायखळ्याला. कादंबरीकाराला आणखी किती मोकळी जागा करून द्यायची?

ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर इसवी सन 634 चा रविकीर्तीचा लेख आहे. त्यात दुसऱ्या पुलकेशीने कोकणच्या मौर्यांचा पाडाव केला आणि शेकडो जहाजांनिशी ‘पुरी’ या समुद्रकाठच्या वैभवशाली नगरीवर हल्ला केला, असं वर्णन येतं. ही पुरी म्हणजे घारापुरी असं काही अभ्यासक म्हणतात, काही जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात. रविकीर्ती हा दरबारी कवी, स्वतःला कालिदास आणि भारवी यांच्या रांगेत बसवणारा. त्याला जहाजं दिसली, जहाजांवरचं कोणी दिसलं नाही. तो त्याचा दोष नाही, त्याला पुलकेशीकडून मानधन होतं. पण आज, चौदाशे वर्षांनी, आमच्यावर कोणाचं दडपण आहे? तरुण सहकाऱ्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, “काका, कोकणच्या मौर्यांचा पुतळा कुठे आहे? जयंती कधी असते? मग घेणार कोण पुस्तक?” पोरगा माझ्यापेक्षा बाजार जास्त ओळखतो. आमची ऐतिहासिक कादंबरी वंशजांना सांभाळून लिहिली जाते आणि वंशजांनीच विकत घ्यायची असते. ज्या राजांवर आज हक्क सांगायला कोणी नाही, त्यांच्यावर लिहायला परवानगी लागत नाही, पण गिऱ्हाईकही आयतं मिळत नाही.

तरीही कसं लिहावं याचा एक नमुना माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि तो पुन्हा ल ग्विनचाच. अर्थसी लिहिणाऱ्या या बाईने म्हातारपणी, 2008 मध्ये, ‘लॅव्हिनिया’ लिहिली. व्हर्जिलच्या महाकाव्यात लॅव्हिनिया ही ईनियसची होणारी बायको, जिच्यासाठी युद्ध होतं. पण सबंध महाकाव्यात ती एक अक्षर बोलत नाही. ल ग्विनच्या कादंबरीच्या सुरुवातीला ही राजकन्या नदीच्या मुखाशी मिठागरावर गेलेली आहे, देवाच्या कामासाठी मीठ आणायला. तिथून तिला समुद्रातून येणारी परकी जहाजं दिसतात. फँटसीची आणि प्राचीन इतिहासाची लेखिका एकच, आणि तिने जागा निवडली ती मिठागराची! पुढे त्याच कादंबरीत लॅव्हिनियाला अजून जन्माला न आलेला, पण मरणाच्या दारात असलेला कवी व्हर्जिल भेटतो, आणि मी मान डोलावून वाचत राहतो, कारण मीठ खरं होतं. उरण-पनवेलचा हा सारा पट्टा मिठागरांचा. आता बराचसा भरावाखाली गेला. ज्यांनी इथे मीठ पिकवलं त्यांच्या आजीच्या आजीने बांधावरून काय काय येताना पाहिलं असेल!

मला हवी आहे ती कादंबरी पुरीची. पुलकेशीचं आरमार येण्याआधीचं वर्ष. राजा त्यात शेवटी आला तरी चालेल, न आला तर उत्तम. घारापुरीला कृष्णराजाची तांब्याची छोटी नाणी बरीच मिळाली आहेत; लेणी कोरणाऱ्यांना त्यांतून मजुरी दिली जात असावी, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. तेव्हा नायक म्हणून एखाद्या पाथरवटाचा नातू घ्यावा, ज्याच्या आज्याने त्रिमूर्तीच्या जटा कोरल्या पण नाव कोरायची पद्धत नव्हती. बायको मिठागरावरची. मेव्हणा होड्यांवर वाट दाखवणारा, दोन्ही बाजूंकडून पैसे घेणारा. लेण्यातला शिव रात्री बोलतो की नाही, हे त्यांनी आपसात ठरवावं. लेखकाने त्यांच्या वतीने हसू नये. भाषणं नकोत. उरणच्या मोरा बंदरावर त्या एका तांब्याच्या नाण्यात तांदूळ किती यायचा एवढं लेखकाने आधी पक्कं केलं, की पुढची चारशे पानं मी निमूट वाचीन. शिव बोलला तरी हरकत घेणार नाही.